पाहुण्यांचा दर

उंबरवाडी, ता. खेड
५ जानेवारी २०२६

चि. तनुजा हिस,
जयमालाआत्याचे अ. उ. आ.

इकडे आमी समदे खुशाल. आत्या फोन का करत न्हाई, असं परत विचारू नकोस. रेंज यायला मला लेण्याच्या चाळीस पायऱ्या चढाव्या लागतात, आन् वर जाऊन ओरडून बोललं की अख्ख्या वाडीला आपल्या घरचं कळतं. त्यापरीस पोस्टमन किसन बरा. तो पत्रं वाचत न्हाई. म्हंजे मला तरी तसंच वाटतं.

टपरी बरी चाललीय. रविवारी चाकणच्या कंपन्यांतली कोरियन, जर्मन माणसं बायकापोरांसकट लेणी बघायला येतात आन् खाली उतरली की माझ्याकडं पिठलं-भाकरी खातात. एकाला साठ आन् दुसऱ्याला दीडशे हे बरं न्हवं, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. अगं, तिकिटाच्या खिडकीवर सरकारनंच दोन दर लिवलेत, आपल्याला एक आन् परदेशी माणसाला एक. सरकारनं केलं तर कायदा आन् आत्यानं केली तर लूट व्हय? शिवाय मी त्यांना खुर्ची देते, तिखट कमी घालते. खुर्चीचं म्हणून धर.

तर काम असं की नवा बोर्ड रंगवायचाय. जुन्यावर समाधानभाऊजींनी गावचे आन् गोरे असं लिहून ठेवलंय. माझा हा दीर देवमाणूस, पण सांगितलं तेवढंच करणार. परवा पुण्याची एक गोरीपान बाई आली, तर तिच्याकडून दीडशे घेतले. बाई भांडून गेली. मग मी परदेशी लिहा म्हणलं, तर शाळेतले परदेशी गुरुजी रुसले. चार पिढ्या खेड तालुक्यात गेल्या, आता आडनावापायी दीडशे भरू काय, असं विचारत होते. तू शिकलेली, एखादा बरा शब्द सुचव.

आता महत्त्वाचं. तुझ्या घरमालकांकडून, माणच्या यशवंतरावांकडून, काही कळलं का? माझी वर्षाली तोंडानं बोलत न्हाई, पण कंपनीच्या बसमधून उतरली की आधी तुझं पत्र आलं का विचारते. गणपतीत तुझ्या खोलीवर आली तेव्हा त्यांच्या पोरानं, कुलदीपनं, हिच्या हातात आरतीचं ताट काय दिलं, डिसेंबर सरला तरी पोरगी आरती गुणगुणतेय. दोन स्थळं टपरीवालीची मुलगी म्हणून मागं गेली. त्याचं मला एवढं वाटलं न्हाई. हे तिसरं तिच्या मनातलं हाय, म्हणून जीव खालीवर होतो.

लोभ हाय तो मंद आचेवर ठेव, उतू जाऊ देऊ नकोस.
तुझी आत्या,
जयमाला

*

माण
१२ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवसांत पोचलं. माझी कॅब आयटी पार्कच्या फेज थ्रीवरून खोलीपर्यंतच्या चार किलोमीटरला सव्वा तास घेते, त्या मानाने किसनभाऊंना बक्षीसच द्यायला हवं.

आधी आनंदाची बातमी. यशवंतरावकाका तयार झाले! रविवारी, पंचवीस तारखेला ते, काकू, कुलदीप आणि त्याचे मामा असे चौघे तुझ्याकडे येतील. माणूस मनाने मोठा आहे, पण मानपानाला हळवा. साडेदहाची वेळ ठरवली आहे. वाटेतल्या ट्रॅफिकच्या धास्तीने ते सकाळी सातलाच निघणार आहेत. वर्षालीला म्हणावं, आरती आता मोठ्याने म्हण.

बोर्डाचं म्हणशील तर मला ते दोन दर अजूनही पटत नाहीत. त्याला कारण आहे. मी इथे परदेशीच आहे! काकांच्या बिल्डिंगमध्ये गावातल्यांना एक भाडं आणि बाहेरच्यांना एक. त्यांच्या भावकीतला ज्ञानेश माझ्या शेजारच्या मोठ्या खोलीत राहतो आणि माझ्यापेक्षा कमी देतो. मी चाकणजवळच्या महाळुंग्याची मुलगी, आणि माणमध्ये मी बाहेरची. दर महिन्याला पैसे देताना मला ते टोचतं. पैशांमुळे नाही गं, त्या बाहेरची या शब्दामुळे.

पण तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान शब्द तरी गोड असू दे. गावचे आणि पाहुणे असं लिही. पाहुणा म्हटल्यावर कोण रागावणार?

समाधानकाकांना नमस्कार, वर्षालीला चिमटा, आणि माझ्या वाटचं पिठलं झाकून ठेव. लोभाला मात्र एकच दर लाव.
तुझी लाडकी भाची,
तनुजा

*

उंबरवाडी
२७ जानेवारी २०२६

चि. तनुजा हिस,
अ. उ. आ.

पोरी, घात झाला. काय लिहू आन् कसं लिहू!

रविवारी मी घरी पोहे, शिरा करत होते म्हणून टपरीवर समाधानभाऊजींना बसवलं होतं. तुझे यशवंतरावकाका निघाले सातला, पण रविवारचा रस्ता मोकळा. मंडळी नऊलाच वाडीत हजर. एवढ्या लवकर मुलीच्या दारात कसं जायचं, म्हणून ती लेण्याखाली थांबली. आन् थांबली कुठं? माझ्याच टपरीवर.

चौघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. यशवंतरावांनी दोनदा पिठलं मागून घेतलं म्हणे. पैसे द्यायच्या वेळी भाऊजींनी रोजच्यासारखं विचारलं, की गावचे की पाव्हणे? आन् यशवंतरावांनी फेट्याला हात लावून छाती पुढं काढून सांगितलं की आमी पाव्हणे! जयमालाबाईंचे पाव्हणे!

भाऊजींनी बोर्डाकडं बोट केलं आन् माणशी दीडशे घेतले.

शेजारी बाकावर फॉरेस्टचे दोन गार्ड साठ-साठ देऊन उठले, ते त्या चौघांनी डोळ्यांनी बघितलं.  यशवंतरावांनी पैसे मोजून ठेवले आन् ते गाडीत जाऊन बसले.

साडेदहाला घरी आले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक न्हवतं. मी हसून या बसा केलं आन् चहाचा ट्रे घेऊन आत आले कोण, तर टपरी लावून आलेले समाधानभाऊजी. हे मुलीचे काका, अशी मी ओळख करून दिली. यशवंतरावांनी कप तसाच खाली ठेवला. पोह्याला हात लावला न्हाई. वर्षाली समोर येऊन बसली, तर काकूंनी शिक्षण विचारलं तेवढंच. कुलदीप बिचारा खाली मान घालून. जाताना यशवंतराव कळवतो म्हणाले. पायात चप्पल घालता घालता मामा बोलून गेले, की मुलीकडच्यांनी आम्हाला साहेबलोकांत जमा केलं.

नंतर भाऊजींनी समदं सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. भाऊजी दोन दिवस जेवले न्हाईत. मी त्यांना काय बोलू? बोर्ड माझा, हाव माझी. लेकीच्या सुखात मी माझ्या हातानं माती कालवली, तनू.

वर्षाली रडत असती तर बरं झालं असतं. शिफ्टवरून येते, ताटातलं चिवडते आन् झोपते. काल एवढंच म्हणाली, की ते टपरी बंद करा सांगायला आले तर मीच नको म्हणेन, पण ते काहीच सांगायला आले न्हाईत तर काय करू. 

तू एकदा त्यांच्याशी बोल. माझी जीभ उचलत न्हाई.
तुझ्या मायेची गरज आज जास्त हाय.
जयमाला

*

माण
३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, तो शब्द माझा होता. पाहुणे लिही असं मीच शहाणपणाने सुचवलं होतं. तेव्हा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस, निम्मा मला दे.

भाडं द्यायच्या निमित्ताने मी काकांकडे गेले. काकू दारातच कुजबुजल्या की आठवडाभर घरात कोणी मोठ्याने बोललेलं नाही. काकांसमोर बसून मी बोर्डाची सगळी गोष्ट सांगितली, परदेशी गुरुजींसकट. ते हसले नाहीत. मग मलाही राग आला. मी त्यांना विचारलं की काका, ज्ञानेश आणि मी सारखंच भाडं देतो का? तुम्हाला एका सकाळी लागलं ते मला महिन्याच्या महिन्याला लागतं. बोलून तर गेले. म्हटलं, आता खोलीही गेली आणि स्थळही गेलं.

ते उठून खिडकीशी गेले. त्यांच्या खिडकीतून समोर आयटी पार्कमधली काचेची इमारत दिसते. तिच्याकडे बघत ते बोलायला लागले. ती इमारत उभी आहे तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. मागच्या वर्षी बांधावरचं जुनं आंब्याचं झाड अजून आहे का ते बघायला गेले, तर गेटवरच्या वॉचमनने वहीत नाव लिहून घेतलं आणि गळ्यात व्हिजिटर लिहिलेलं कार्ड अडकवलं. आपल्याच वावरात पाहुणा झालो, असं म्हणाले. आणि आत्या, त्यांचे डोळे भरून आले. उंबरवाडीला ते म्हणे मोठ्या हौसेने निघाले होते, की एक तरी नवं घर आपलं होईल. तिथेही बोर्डाने वेगळं काढलं.

  निघताना काकूंनी डब्यात लाडू दिले, एवढीच आशा.

कुलदीप जिन्यात भेटला. लग्न करीन तर वर्षालीशीच, पण वडिलांना दुखवून नाही, असं म्हणाला. आणि असंही म्हणाला की पिठलं दीडशेलाही स्वस्तच होतं. वर्षालीला हे सांग. हसली तर मला कळव.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझीच,
तनुजा

*

उंबरवाडी
९ फेब्रुवारी २०२६

चि. तनुजा हिस,
अ. उ. आ.

वर्षाली हसली. लगेच रडली, पण आधी हसली.

व्हिजिटर कार्डाचं वाचून मला रात्रभर डोळा लागला न्हाई. आपल्या महाळुंग्याच्या रानावर कंपनी आली तेव्हा तुझे आजोबा असेच कुंपणाला धरून उभे राहायचे. मला ते कसं आठवलं न्हाई?

सकाळी उठून आधी बोर्ड पुसला. आता एकच दर, ऐंशी, मग कोणी कुठलाही असो. खुर्च्या समद्यांना.

काल रविवारी किम साहेब आले. तू बघितलंयस त्यांना, चाकणच्या कंपनीतले, उंच, कायम छत्री घेऊन फिरणारे. जेवून त्यांनी नेहमीसारखे दीडशे ठेवले. मी सत्तर परत दिले. ते घेईनात. मी कोऱ्या बोर्डाकडं बोट केलं, तर त्यांचा चेहराच पडला. तोडक्यामोडक्या मराठीत विचारायला लागले, की माझं काही चुकलं का, मी आता पाव्हणा न्हाई का?

वर्षालीनं त्यांना पाव्हणा शब्द शिकवला होता. पाव्हणा आला की आमच्या घरात चांगलं पातेलं निघतं, असं सांगितलं होतं. साहेबांनी बोर्डाचा फोटो काढून तिकडं आईला पाठवला होता, की माझी काळजी करू नकोस, इथं एका ठिकाणी भिंतीवर मला पाव्हणा लिहिलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. ज्या शब्दावर मी जास्तीचे पैसे काढत होते, तो शब्द ते लेकरू आईला कळवत होतं. त्यांना घरी नेलं, पुरणपोळी वाढली, एक पैसा घेतला न्हाई. वर्षालीनं समजावलं की पाव्हण्याकडून पैसे घ्यायचेच नसतात, आईचंच चुकत होतं. आता सणाला घरी यायचं आन् एरवी ऐंशी द्यायचे, असं ठरलं.

सोबत एक पाकीट ठेवलंय. त्यात त्या चौघांकडून घेतलेले समदे पैसे आन् यशवंतरावांना माझी चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच लिहिलंय की चूक माझी हाय, मुलीची न्हाई. सोयरीक जमो न जमो, पण माझ्या दारात त्यांना परकं वाटलं हे मला सोसवत न्हाई. तू त्यांच्या हातात दे आन् काही बोलू नकोस. मागच्या वेळी जास्तच बोललीस. बरं केलंस.

आशीर्वाद आन् काळजी दोन्ही पाठवते.
जयमाला

*

माण, ता. मुळशी
१७ फेब्रुवारी २०२६

सौजन्यमूर्ती विहीणबाई यांस,
यशवंतरावाचा स. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर समजून घ्यावे.

आपले पाकीट तनुजाने दिले. ते जसेच्या तसे परत पाठवीत आहे, राग मानू नये. त्या दिवशी मला फार लागले, खोटे कशाला सांगू. गाडीत बसल्यावर मी हिला म्हणालो होतो की या घरात पुन्हा पाय ठेवणार न्हाई. पण आपली चिठ्ठी वाचली आणि मनातले किल्मिष गेले. मोठेपणा मिरवणारी माणसे मला रोज भेटतात, चुकले म्हणणाऱ्या कित्येक वर्षांत आपण पहिल्याच.

तनुजाने माझेही कान उपटले, ते तिने आपल्याला कळवले असेलच. चालू महिन्यापासून तिचे भाडे ज्ञानेशइतकेच घेतो. पोरगी फटकळ आहे, पण खरे बोलते. तिच्यासाठीही एखादे स्थळ बघायला हवे.

पैसे परत घेत न्हाई, त्याला कारण आहे. त्या दिवशी आपल्या दिरांनी मला विचारले तेव्हा मी काय उत्तर दिले ते आपणांस ठाऊक आहे. त्या शब्दावर मी पैसे मोजले आहेत. ते परत घेतले तर शब्दही परत घेतल्यासारखा होईल. तो मला परत घ्यायचा न्हाई.

वर्षालीला आम्ही त्या दिवशी नीट पाहिलेदेखील न्हाई, याची हिला फार चुटपुट लागली आहे. आम्ही येत्या रविवारी येतो. या वेळी पोहे ठेवू नका, पिठलेच करा. आधी टपरीवर थांबू, मग घरी येऊ. समाधानरावांना सांगा, त्यांनी आता पोटभर जेवावे आणि टपरीवर त्यांनीच बसावे.

आणि मला पुन्हा विचारावे, गावचे की पाहुणे. मी तेच सांगणार आहे.

आपला,
यशवंतराव