मार्कसचं वय

नाहूर, १२ मार्च १९७०
येशू मरिया जोजेफ

ती. मोठ्या बायला धाकट्या ज्युलियाचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळी ठीक. पेट्रिशिया आणि अल्फान्सो खोकल्यातून उठली. बर्नार्डची ड्यूटी आहेच.

काल सरकारी कुटुंब-पाहणीचे विद्याधर मास्तर क्वार्टरवर आले. मुलं किती, विचारलं. मी तीन सांगितली. रागावू नकोस. मार्कस तासभरच जगला, पण मी माझ्या हातानं पाणी घालून त्याचा बाप्तिस्मा केला. नाव दिलेला जीव मोजायचा नाही, हे कसं जमावं? मास्तर हळवे निघाले. चहा घेता घेता विचारत गेले आणि मी सांगत सुटले. त्याचं झबलं तांदळाच्या डब्यात जपलंय, जेवायला वाढताना त्यालाही हळूच हाक मारते, बर्नार्डलाही हे ठाऊक नाही. मास्तर म्हणाले, कागद कुलपात जातो, कोणी वाचत नाही. फार हलकं वाटलं बघ.

मुलांना आशीर्वाद दे, आमच्यावर माया ठेव.
तुझी ज्युलिया

गोराई, २० मार्च १९७०

चि. ज्युलियास अ. आ.

कमाल आहे गं तुझी! सख्ख्या बहिणीला सांगितलं नाहीस ते एक कप चहावर मास्तरला सांगितलंस? तू बोलत होतीस तेव्हा त्याचं पेन चालू होतं का, एवढं तरी पाहिलंस? असो. सुके बोंबील पाठवलेत, त्यांना ऊन दाखव.

पोरांना मुका. आठवण ठेवून लिहीत जा.
तुझी सिसिलिया

नाहूर, ४ सप्टेंबर १९७६
येशू मरिया जोजेफ

ती. मोठ्या बायला सा. न. वि. वि.

घाबरून लिहिते आहे. सोमवारी दोन माणसं यादी घेऊन आली. पेट्रिशियानं दार उघडलं. त्यांनी तिला विचारलं, तुझा धाकटा भाऊ मार्कस कुठे आहे? सात वर्षांचा झाला, शाळेत नाव का नाही? बाय, मी कधी त्याची वर्षं मोजली नव्हती. त्यांनी मोजली होती. एकानं तर पडदा सारून आत पाहिलं.

तीन मुलं म्हणून बर्नार्डनं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं, नाहीतर महिनाअखेर क्वार्टर सोडायची. आपल्या धर्मात ते पाप. मूल गेलं म्हणून सांगितलं, तर दाखला मागतात. घरात जन्मलं, घरातच गेलं, दाखला कुठला? शुक्रवारी दोघं कचेरीत जातो. आमच्यासाठी रोझरी म्हण.
ज्युलिया

नाहूर, १२ सप्टेंबर १९७६
येशू मरिया जोजेफ

ती. मोठ्या बायला सा. न. वि. वि.

क्वार्टर राहिली. बर्नार्डही सुटला. कसा, ते ऐक.

कारकुनानं आमचा कागद काढला. समासात बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. झबलं, तांदळाचा डबा, माझं हाक मारणं. त्यानं ते बर्नार्डसमोर मोठ्यानं वाचलं. पलीकडच्या टेबलावरची एक बाई, जिला मी जन्मात पाहिलं नाही, तिनं मान न वळवता विचारलं, अजून हाक मारता का? कागद सहा वर्षांत किती टेबलं फिरला असेल, देव जाणे. कडा मळून काळ्या झाल्या होत्या.

मग कचेरीतले म्हणाले, असं मूल झालंच नाही, आधीची माहिती खोटी होती, असं लिहून द्या. बर्नार्डनं पेन उचललं. मला म्हणाला, तू सही करू नकोस, ऑपरेशन करून घेतो. बाय, त्याच्या हातातलं पेन मीच घेतलं. मार्कस नावाचं मूल मला झालं नाही, असं माझ्या अक्षरात लिहिलं. कारकुनानं नावावर रेघ मारली, पण कागद फाडला नाही, पुन्हा कपाटात ठेवला.

बर्नार्ड घरी आल्यापासून तांदळाच्या डब्याकडे बघतो. मी वाढताना आता हाक मारत नाही. उत्तर लिहिशील तेव्हा ते नाव पत्रात घालू नकोस.
तुझी ज्युलिया

गोराई, ३ नोव्हेंबर १९७६

चि. ज्युलियास अ. आ.

तुझं पत्र फार उशिरा मिळालं. पाकीट कोणीतरी उघडून पुन्हा नीट चिकटवलं होतं, आपण लावतो त्याहून नीट. म्हणून लिहायला धजत नव्हते.

काल मृतांचा सण झाला. देवळात मिस्साच्या प्रार्थनेत वाचायच्या नावांची चिठ्ठी फादरना द्यायची होती. आई-बाबांची नावं लिहिली आणि पुढे पेन थांबलं. चिठ्ठी किती हातांतून जाणार, हेच मनात. शेवटी नुसतं 'एक मूल' लिहिलं. फादर तेवढंच वाचून पुढे गेले. देवाला ठाऊक आहे, असं तू म्हणशील. पूर्वी या शब्दांनी मला धीर यायचा गं.

जपून राहा. माया आहेच, ती लिहून दाखवत नाही.
तुझी सिसिलिया