कारागीर लिहा

बाबा,

काल पेणच्या कोर्टात गेलो होतो. लहानपणी त्याच कोर्टात मी आईच्या बाजूला उभा होतो, काल तुमच्या जागेवर. माझी बायको पेणजवळ गडबला माहेरी राहते, मुलगी तिच्याजवळ. आमचं पटलं नाही, त्यात दोष कुणाचा हे तुम्हाला सांगायला मी बसलेलो नाही. प्रश्न मुलीच्या पोटगीचा होता. ती कशी ठरते ते मी स्वतः वाचून काढलंय, वकिलावर सोडलेलं नाही. बापाची मिळकत, आईची मिळकत, मुलीची शाळा, औषधपाणी, ती आजवर कशी राहत आली, हे सगळं बघतात. मिळकतीचा कागद नसेल तर कामावरून अंदाज बांधतात, मजुराला मजुराचा, कारागिराला कारागिराचा. माझ्याकडे कागद कसला असणार? रोह्यात मी पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. एकेक मोटार उघडून, जुन्या तारेचे वेढे मोजून एकट्याने शिकलो. कोर्टाच्या व्हरांड्यात माझा वकील म्हणाला, "सर्टिफिकेट नाय ना तुमच्याकडे? मग हेल्पर लिहितो. पोटगी निम्म्यावर येईल."

"हेल्पर?"

"अहो, कागदावर हो. कोण बघायला येतंय रोह्याला?"

तिथेच मला तेव्हाचे तुम्ही दिसलात. मुद्दाम घातलेला फाटका शर्ट, नखांत माती. साहेब विचारतायत, काय काम करता? तुम्ही सांगताय, "गणपतीच्या कारखान्यात माती मळतो. मजूर हाय." आई तुमच्यावर केस घालून उभी, तरी तिला राहवत नाही. "माती कसली मळताय वो? साहेब, हे मूर्तीचे डोळे आखतात. आख्ख्या पेणात यांच्यासारखा हात नाय." सगळे तुमच्याकडे बघायला लागतात, दारातला शिपाईसुद्धा. मीही. आणि तुम्ही मान खाली घालून म्हणता, "नाय साहेब. मी नुसती माती मळतो." पोटगी मजुराच्या हिशोबाने ठरली. ती पुरेना म्हणून आईने मामाकडे राहून रोह्यात लोकांची धुणीभांडी केली. त्याचा राग मी कधीच सोडून दिला. पण स्वतःच्या हाताला तुम्ही नाही म्हणालात, ते मला आजही गिळता आलेलं नाही.

तर ऐका. वकिलाला मी म्हटलं, "कारागीर लिहा. महिन्याला किती मोटारी भरतो तेही लिहा." तो उखडला. "पोटगी द्यायचीय की मिरवायचंय?" म्हटलं, "दोन्ही." आत साहेबांनी विचारलं, "शिकलात कुठे?" "कुठेच नाही साहेब. पण मी भरलेली मोटार परत आलेली कुणी दाखवावी." माझ्याकडे ढुंकून न बघणारी बायको पदराआड हसली. साहेबांनी रक्कम सांगितली तेव्हा वकिलाने कपाळाला हात लावला. मी ताठ मानेने पायऱ्या उतरलो. स्टँडवर येईपर्यंत ती तशीच ताठ होती.

मुलीसाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगतोय आणि लोक पाठ थोपटतायत. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. साहेबांसमोर कारागीर म्हणताना मुलगी माझ्या मनात नव्हती. तुम्ही होतात.