एटीएमच्या कानातलं कुंकू

सोम., ६ ऑक्टो.
दसऱ्याची सुट्टी संपली, ब्रँचला तोबा गर्दी. मंद्रूपची सुमन आली, भावाबरोबर. इथल्या एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे, जन्मापासून दिसत नाही. पगार आमच्याकडे जमा होतो, पण कार्ड कायम भावाच्या खिशात आणि पिनही त्यालाच पाठ. मी सवयीने भावाला विचारलं, "यांचं काय काम आहे?" उत्तर तिने दिलं. "काम माजं हाय सायेब, मलाच इचारा की." तीस वर्षं काउंटरवर काढली, असे कान कुणी उपटले नव्हते.
तिला नवा पिन हवा आहे. स्वतः टाकलेला, दुसऱ्या कुणालाच माहीत नसलेला. भाऊ महादेव माणूस चांगला, रोज स्कूटरवरून तिला आणतो-नेतो. म्हणाला, "आवं, कुणी फसवलं तर? तिला मशीन दिसतंय व्हय?" मलाही ते पटलं, खोटं कशाला लिहू. "बघू" म्हणून दोघांची बोळवण केली.

मंगळ., ७
बोळवण कसली. जेवणाच्या सुट्टीत रिक्षाने एकटी हजर. मला बाहेरच्या एटीएमपाशी घेऊन गेली. मी तिला नव्हे, ती मला! मशीनवरून बोटं फिरवली, पडद्याखाली मधोमध थांबली. "हितं भोक असतंय. इयरफोन लावला की मशीन कानात बोलतंय. तुमचं बुजलंय."
अकरा वर्षं त्या मशीनसमोरून जातोय. ते भोक स्क्रूचं असावं असा माझा समज.
आणि बुजलंय कशाने, तर कुंकवाने. दर खंडेनवमीला मशीनची पूजा, आणि टिळा नेमका तिथेच, मधली जागा म्हणून. यंदा बोट मीच दाबलं होतं. दत्तू शिपायाला विचारलं, तर म्हणतो, "सायेब, म्या तर वरनं अक्षताबी बसवल्यात." हसावं की तोंड लपवावं? दोन्ही केलं.

गुरु., १६
मशीनवाल्यांना तिसरा फोन. "दिवाळीनंतर."
सुमनच्या पिनवरून मॅनेजर अडून बसलेत. "भावाचं संमतीपत्र घ्या. उद्या काही झालं तर?" अंध ग्राहकांबद्दलचं सर्क्युलर काढून पुढ्यात ठेवलं, त्यात कुणाच्या संमतीची अट नाही. मग म्हणाले, "ठीक, तुमच्या जबाबदारीवर." रिटायरमेंटला आठ महिने. सही केली. पेन जरा अडखळलं. घरी हिला सांगितलं नाही.

मंगळ., २८
तंत्रज्ञ आला. सुईने टोकरत बसला. लाल भुगा, मग तांदळाचे दोन दाणे. "हे काय, सर?" म्हटलं, "श्रद्धा." दत्तूने दाणे उचलून कपाळाला लावले.

बुध., २९
ब्रँच सुटल्यावर स्वतः करून पाहिलं. नातीचा इयरफोन लावला, डोळे मिटले. मशीन खरंच बोललं! हिंदीत, शांतपणे, फक्त माझ्या कानात. पण कार्ड दोनदा उलटं घातलं, पिन चुकला, शेवटी डोळे उघडले. मागच्या पोराने विचारलं, "काका, चक्कर आली का?"
ती हे रोज डोळे न उघडता करणार. कसं करत असेल...

शुक्र., ३१
पगाराचा दिवस. दोघं आली. महादेव कार्ड तिच्या हाती देऊन रस्त्यापलीकडे लिंबाखाली स्कूटर लावून थांबला, आत यायला तयार नाही. मला वाटलं होतं, सुमनला सगळं शिकवावं लागेल. म्हणून वहीत पायऱ्या लिहून नेल्या होत्या. वही बंदच राहिली.
पिन बदलायचा ओटीपी तिच्या मोबाइलवर आला. मोबाइलच तो मोठ्याने वाचून दाखवत होता, पण इतक्या भरभर की मला एक अक्षर कळेना. तिच्या ते ध्यानात आलं. "तुमच्यासाटी हळू लावू का?" म्हणाली, आणि लावलं. लहान मुलाला समजावतात तसं. मग इयरफोन लावला, मशीनवर पाचच्या आकड्यावरचा उठावाचा ठिपका चाचपला आणि थांबली.
"सायेब, तुमी बी भायेर थांबा की."
बरोबर होतं. मीही परकाच. काचेच्या दाराबाहेर पाठ करून उभा राहिलो. देवळाबाहेर चपला सांभाळत थांबतात तसा, आणि मन तसंच शांत. आत कोणते आकडे दाबले जातायत, हे साऱ्या जगात एकट्या तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं बँकेत आहे, गुप्तता या शब्दाखाली रोज सह्या करतो, तो असा डोळ्यांपुढे कधी आला नव्हता.
महादेव रस्ता ओलांडून आला. "किती काढलं वो तिनं?"
"मला माहीत नाही."
"तुमी सायेब असून?"
आत जाऊन कॉम्प्युटरवर बघता आलं असतं. नाही गेलो.
ती बाहेर आली. कपाळ घामाने डबडबलेलं, पर्स छातीशी. महादेवने हात पुढे केला. "आन हिकडं कार्ड, पडंल कुटंतरी."
"ऱ्हाऊ दे दादा, माज्याजवळ."
त्याचा हात तसाच राहिला. ती रस्ता ओलांडायला त्याच हाताला धरून चालू लागली. लिंबाखाली गेली, मागच्या सीटवर बसली, म्हणाली, "चल की."
दुपारची गर्दी होती, मला आत जावं लागलं. काउंटरवरून खिडकीतून दिसत होतं. तो स्कूटरवर बसला होता, किल्ली हातात, आणि स्कूटर अजून सुरू केली नव्हती.