अंबिलाचा तांब्या

बीदर. येळवस (वेळा अमावस्या), संध्याकाळ.

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. सकाळी माझ्या हाताखालच्या एका शिकाऊ वैमानिकाला उड्डाणावरून उतरवले. विमानाची न केलेली तपासणी ‘केली’ म्हणाला. माझी स्वतःची रजा मंजूर होती. तरीही गावी, कमठाण्याला, शेतात कडब्याची कोपी उभारून होणाऱ्या येळवशीच्या जेवणाला गेलो नाही; माझ्यावाचून इथे कुणाला काही नीट जमत नाही, ही खात्री. दिवसभर जमिनीवर बसून इतरांच्या चुका काढल्या.

मग आईचा फोन.

"दुपारी कोपीवरून गेलास, ते तूच न्हवं? म्या अंबिलाचा तांब्या वर धरल्ता. दिसला का रं?"

मागून अक्का म्हणाली, "साहेबाला आता आभाळातच वाढ, आई!"

"व्हय, दिसला," मी म्हणालो.

"बघा, म्हनलं न्हवतं का म्या!" आई शेतभर ऐकू जाईल अशी ओरडली.

विमान दुसऱ्याचे होते. तो तांब्या मी पाहिलेलाच नाही. उन्हात हात उंचावून ती किती वेळ... आणि सकाळच्या त्या पोराने याहून वेगळे काय केले होते?

उद्या कमठाण्याला जाऊन तिला खरे सांगणार, की तिच्या आनंदाची ढाल करून गप्प बसणार? सबबी नकोत. माझे उत्तर मला याच पानावर, खाली, लेखी हवे.