सुतकातला हप्ता

मी रायभान भुजंग गडदे, वय अंदाजे सत्तर, धंदा मेंढपाळी, राहणार मौजे खडकवस्ती, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. छातीत पाणी झाले आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरांत स्वतः लिहितो.

१. घर, दीड एकर बरड आणि बावीस मेंढ्या मुलगा येडबा याला. लोकर काढायची कातरही त्यालाच. ती दगडावर घासू नये. तो घासतो.

२. बचतीचे पासबुक नात बायना हिचे. त्यावर येडबाचा हक्क नाही.

पाच वर्षांपूर्वी पंचायतीने गरीब घरांसाठी ठराव केला. लेकराच्या कॉलेजसाठी घराने पाच वर्षे दरमहा दहा रुपये टाकायचे, पंचायत तेवढेच टाकील. हप्ता दर दहा तारखेला, घरच्याच माणसाच्या हाताने. एक चुकला तर पंचायतीचा सगळा वाटा गेला.

आमची माणसे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघतात, पावसाला परततात. खतासाठी रानात मेंढ्या बसवल्या की शेतकरी ज्वारी देतो, रोकड नाही. येडबा ती एसटीवर पाठवी. मी विकून हप्ता भरी. त्यासाठी गावात थांबलो. गुडघा गेला असे सर्वांना सांगितले. गुडघ्याला काही झाले नव्हते.

गेल्या साली येडबा पासबुक मागायला आला.

"बा, दोन नर घेतो. पोरगी काय मेंढरायला पुस्तकं चारंल?"

"चारून बघ. तुझ्यापरीस लवकर शिकतील."

तो न जेवता गेला. तो राग मी सोडला आहे.

३. बायनाने दहावी दिली आहे. मे आणि जून, दोनच हप्ते उरले. ग्रामसेवक भगवानराव यांना म्हणालो, आजच घ्या. ते म्हणाले, "आबा, रजिस्टर धा तारखेलाच येतंय. मी काय करू?"

आमच्यात सुतक दहा दिवस. तेवढे दिवस घरातून पैसा बाहेर जात नाही. मी या आठवड्यात गेलो तर माझ्या सुतकापायी पाच वर्षे बुडतील.

म्हणून माझे सुतक धरू नये. दहा तारखेला बायनाने स्वतः जाऊन हप्ता भरावा. वीस रुपये घोंगडीच्या गाठीत आहेत. मी त्याच दिवशी गेलो तर आधी पावती, मग माती.

हे तिला वाचून दाखवले.

"लोक काय म्हनतील, आबा?"

"म्हनू दे. हप्ता ते भरीत न्हाईत."

ठिकाण : खडकवस्ती. दिनांक : ४ मे १९८८.

सही : रायभान भुजंग गडदे

साक्षीदार :

१. बन्सीधर आश्रुबा लवटे, शेजारी. डाव्या हाताचा अंगठा. 'पोरीसंगं मी जाईन' असे सांगितले, ते लिहून घेतले.

२. भगवानराव किशनराव देशमुख, ग्रामसेवक. सहीखाली त्यांच्याच अक्षरात : उशिराचा हप्ता घेता येत नाही. सुतकातला घेईन.