मेढ्याच्या चढावर तुम्ही काय म्हणालात?

अहो,

मी शाळेत चाललेय. तुम्हाला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. भाकरी फडक्यात आहेत, आमटी तेवढी गरम करून घ्या. गुडघ्याला मलम लावा, फ्रिजवर ठेवलंय.

काल शर्यत झाल्यापासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दिवाळीपासून आपण दोघं रोज बरोबर सायकल चालवतोय, नावंही बरोबरच दिली. मेढ्याच्या चढावर तुमची हाक आली म्हणून मी वळून बघितलं. तुम्ही सायकल धरून कडेला उभे होतात आणि हात हलवत होतात. पडला होतात, हे मला घरी आल्यावर गुडघा बघून कळलं.

वारा लय होता, त्यात लोकांचा ओरडा. मला 'थांबू नको' असं ऐकू आलं, म्हणून मी पुढं गेले आणि बायकांत तिसरी आले.

पण खरं सांगू? मला थांबायचंच नव्हतं. म्हणून तसं ऐकू आलं का, काही कळंना झालंय.

संध्याकाळी सांगा. 'थांब' म्हणाला असाल, तरी सांगा.

राजनंदिनी