डुप्लिकेट बॉनेट

बाबा,

आज आपल्या शेडमध्ये डुप्लिकेट बॉनेट बसलं. नुसतं बसलं नाही, शोभलं. घाला आता कपाळाला आठी!

सालवडच्या वळणावरच्या या शेडमध्ये तुम्ही कंपनीच्या मालाशिवाय दुसरं काही येऊ दिलं नाहीत. चाकावरचा स्वस्तातला फेंडर घेऊन कुणी आला, की "ह्या पत्र्याला वळन नाय, दुसरीकडं ने," म्हणून वाटेला लावायचात. आणि कॉलेज सुटल्यावर मी तुमच्या हाताखाली बोल्ट आवळायचे, तेव्हा माझ्या वाट्याला कायम एकच हुकूम: "परत उघड." चांगलं बसलेलं बॉनेटसुद्धा परत उघड. असा राग यायचा ना तुमचा!

तुम्ही गेलात आणि गिऱ्हाईक आटलं. जुन्या गाड्यांना कंपनीचा माल मिळेना. भाऊ म्हणाला, "शेड भाड्यानं देऊन टाकू. तू किती दिवस पत्रे ठोकनार हायस?" त्याच आठवड्यात सरावलीचा एक टॅक्सीवाला समोरून चेपलेली गाडी ओढून घेऊन आला. टपावर बॉनेट, फेंडर, बंपर बांधलेले, सगळं डुप्लिकेट. "ताई, तू नाय म्हनलीस तर गाडी भंगारात जानार," म्हणाला. मी भावाला सांगितलं, या गाडीला हा माल बसला नाही तर शेडची चावी तुझी. त्याने ती तेव्हाच खिशात टाकली.

आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. तुमच्या सवयीने आधी रंग मारला, मग बसवायला घेतलं. कंपनीच्या मालाला ते चालतं. इथे भोकंच जुळेनात; कानशीने ती लांबवता लांबवता रंगाची वाट लागली. मी तशीच जमिनीवर बसून राहिले. मग आई आठवली, ब्लाउज शिवताना आधी कच्चा टाका घालून अंगाला लावून बघणारी. उठले, सगळं सोडलं. दार तेवढं कंपनीचं होतं, शाबूत. तिथून सुरुवात करून पुढे येत गेले: फेंडर, बॉनेट, दिवे, शेवटी बंपर. बोल्ट नुसते बोटांनी लावलेले. इथे जरा सरकव, तिथे जरा दाब. पत्र्यांमधली फट सगळीकडे सारखी दिसली तेव्हाच पाना हातात घेतला, आणि रंग त्याच्याही नंतर.

आज संध्याकाळी बॉनेट वरून खाली सोडलं. खट्. एकच आवाज, भरीव. टॅक्सीवाला फटीवरून बोट फिरवत राहिला. "कंपनीचंच वाटतंय गं!" भावाने चावी खिशातून काढली, खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "दुसरी गाडी कदी येते?" बाबा, मी जिंकले. शेड माझी आहे.

हा कागद पान्यांच्या खणातच राहील, म्हणून एक सांगून टाकते. टॅक्सीवाल्याने गाडी सुरू केली, तेव्हा मी त्याला हात करून थांबवलं. बॉनेट परत उघडलं, परत लावलं. काही राहिलं नव्हतं. तुम्ही काही म्हणता का, तेवढंच बघायचं होतं.